हरकत आहे

'हरकत नाही' हे आपण दिवसातून कितीदा तरी म्हणतो. पाहुणा उशिरा आला, हरकत नाही. दुकानदाराकडे सुटे नाहीत, हरकत नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हालचाल असा आहे. गाण्यात तो अर्थ अजून टिकून आहे. गायकाने सुरांशी केलेल्या चपळ हालचालीला आपण हरकतच म्हणतो. व्यवहारात मात्र हरकत म्हणजे आक्षेप. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीची भाषा सगळ्यांना पाठ असते: कोणाची हरकत असल्यास अमुक दिवसांत लेखी कळवावी, अन्यथा कोणाची काही हरकत नाही असे समजून पुढील व्यवहार पूर्ण केला जाईल. या वाक्याचा उत्तरार्ध मला फार गंभीर वाटतो. जो बोलला नाही त्याने संमती दिली, असे तो गृहीत धरतो. आपल्या देशात कितीतरी नद्या, शेते आणि फुप्फुसे या एका गृहीतकावर गेली आहेत.

ज्या माणसाविषयी मला लिहायचे आहे, त्याने हरकत नोंदवणे हेच आपले काम मानले. त्याचे नाव रमेश अग्रवाल, गाव रायगढ.

हा आपला रायगड नव्हे. छत्तीसगडच्या पूर्व टोकाला, ओडिशाच्या हद्दीला लागून, मुंबई-हावडा लोहमार्गावरचे हे शहर. कथकच्या रायगढ घराण्यामुळे आणि कोसा रेशमामुळे जाणकारांना ते परिचित होते. गावातून केलो नदी वाहते. उत्तरेला तमनार, घरघोडा या भागांत जंगल, आदिवासींची गावे आणि जमिनीखाली कोळशाचे जाड थर. कोळशामागून खाणी आल्या, स्पंज आयर्नचे कारखाने आले, वीजकेंद्रे आली. राख आली, रस्त्यावर डंपरच्या रांगा आल्या. केलोचे पाणी उद्योगाला देण्याविरुद्ध उपोषणाला बसलेली सत्यभामा सौंरा ही आदिवासी स्त्री 1998 च्या प्रजासत्ताकदिनी मरण पावली. रायगढच्या संघर्षात तिचे नाव आजही आदराने घेतले जाते.

अग्रवाल याच शहरातले. त्यांचे छोटेसे इंटरनेट कॅफे होते. शहरातली मुले तिथे परीक्षेचे निकाल पाहायला, नोकरीचे अर्ज भरायला येत. 'जन चेतना' या संघटनेचे काम सुरू झाल्यावर त्याच संगणकांवर आणखी एक गोष्ट उघडू लागली: खाणींचे आणि कारखान्यांचे प्रकल्प अहवाल. कोणत्या गावाची किती जमीन जाणार, पाणी कुठून उचलणार, राख कुठे टाकणार, हे सगळे सरकारी कागदात लिहिलेले असते. ते ज्यांच्याविषयी लिहिलेले असते, त्यांच्यापर्यंत मात्र ते पोचत नाही. अग्रवाल यांनी ते पोचवले. माहितीचा अधिकार 2005 पासून हाताशी होता. कागद मिळवायचा, वाचायचा, गावात जाऊन लोकांच्या भाषेत सांगायचा आणि जनसुनावणीला कोणते प्रश्न विचारायचे याची तयारी करून घ्यायची, अशी त्यांची पद्धत. त्यात घोषणा कमी आणि वाचन जास्त होते.

जनसुनावणी म्हणजे काय, हे इथे नीट समजून घ्यायला हवे. पर्यावरण संरक्षण कायदा 1986 चा. त्याखाली 1994 साली पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना निघाली आणि 1997 मध्ये तिला जनसुनावणीची जोड मिळाली. आजची पद्धत 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार चालते. सुनावणीआधी किमान 30 दिवसांची नोटीस, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक वृत्तपत्रात. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी. संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत. कागदावर ही योजना चांगली दिसते. पण तिच्यात दोन खोल फटी आहेत. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे चार माणसे आली तरी सुनावणी झाली. आणि लोकांचे म्हणणे फक्त नोंदवायचे असते. त्यावर मतदान नाही, नकाराचा अधिकार नाही. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत आणि गावाच्या हाती येतो तो सारांश. ज्याची जमीन जाणार त्याने तीस दिवसांत परक्या भाषेतले शास्त्र समजून घ्यायचे आणि मंडपात, पोलिसांच्या गराड्यात, माइकसमोर उभे राहून दोन मिनिटांत ते खोडून काढायचे.

5 जानेवारी 2008 रोजी तमनार भागातल्या खम्हरिया गावात अशीच एक सुनावणी झाली. जिंदाल स्टील अँड पॉवर कंपनीच्या गारे 4/6 या वर्षाला 40 लाख टन कोळसा काढणाऱ्या प्रस्तावित खाणीसाठी. लोक विरोध नोंदवायला आले होते. त्यांच्यावर लाठ्या चालल्या. पुढच्या वर्षी खाणीला पर्यावरणीय मंजुरीही मिळाली. गावकऱ्यांनी, त्यांच्यातल्या हरिहर पटेल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आणि अग्रवाल यांनी हा विषय सोडला नाही. 20 एप्रिल 2012 रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. झालेला प्रकार म्हणजे जनसुनावणीची थट्टा होती, हा निकालाचा आशय. हा निवाडा लोकांना विचारण्याची रीत पाळली गेली की नाही याविषयी होता, आणि म्हणून तो एका खाणीपुरता उरत नाही. लोकांना विचारणे हा मंजुरीच्या वाटेवरचा उपचार नाही, त्यावाचून मंजुरीच उभी राहत नाही, हे त्याने सांगितले.

या हरकतीची किंमत मोजावी लागली. 2011 च्या मे महिन्यात कंपनीच्या तक्रारीवरून अग्रवाल आणि पटेल यांना अटक झाली आणि दोन महिन्यांहून अधिक काळ ते तुरुंगात राहिले. निकालानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच 7 जुलै 2012 रोजी दोघे जण अग्रवाल यांच्या दुकानात शिरले आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. मांडीचे हाड फुटले. जीव वाचला, पण चालणे पूर्वीसारखे राहिले नाही.

त्या गोळीचा विचार केला की मी एका प्रश्नाशी थांबतो. माणसाला मारून काय साधणार होते? कागद तर न्यायालयात पोचलेला होता. उत्तर कठोर आहे. ज्या गावात कागद एकाच माणसाने वाचलेला असतो, तिथे माणूस हटवला की कागदही हटतो. लढणाऱ्याचे धैर्य कितीही मोठे असले तरी त्याला धोका असतो तो आपल्या न वाचण्यामुळे. तोच अहवाल गावातल्या चाळीस जणांनी वाचलेला असता, तर एकाला लक्ष्य करण्यात काही अर्थच उरला नसता. कार्यकर्त्याच्या एकटेपणाला आपण त्याचा मोठेपणा म्हणतो आणि मोकळे होतो. खरे तर तो आपला दोष आहे.

2014 साली अग्रवाल यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. 1989 मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड आणि ऱ्होडा गोल्डमन या दांपत्याने सुरू केलेला हा पुरस्कार तळागाळातल्या कार्यकर्त्यांसाठी आहे. 1992 साली तो मेधा पाटकरांना मिळाला होता, 2004 साली भोपाळच्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांना. जगाने दखल घेतली की स्थानिक सत्तेचा हात थोडा आखडतो, म्हणून अशा पुरस्काराचे मोल मी कमी मानत नाही. पण गावाने करायचा सन्मान वेगळा असतो. शाल, श्रीफळ, मानपत्र, पुष्पगुच्छ. आपली सत्काराची रीत मोठी जिव्हाळ्याची आहे. तरीही तिच्यात एक धोका लपलेला आहे. सत्कारमूर्तीला आपण व्यासपीठावर बसवतो आणि स्वतः खाली बसतो. ते अंतर एका संध्याकाळपुरते असायला हवे. ते कायमचे झाले की लढणे हे 'त्यांचे' काम आणि टाळ्या हे 'आपले' काम अशी वाटणी होते.

मराठी माणसाला ही वाटणी विशेष महाग आहे, कारण रायगढचा कोळसा आता आपल्याही नावावर आहे. त्याच तमनार भागातला गारे पेल्मा सेक्टर 2 हा खाणपट्टा महानिर्मितीला, म्हणजे आपल्या राज्याच्या वीज कंपनीला मिळालेला आहे. वर्षाला 236 लाख टन कोळशाची ही खाण. तिथला कोळसा चंद्रपूर, कोराडी आणि परळीच्या वीजकेंद्रांसाठी आहे. या खाणीची जनसुनावणी 2019 मध्ये झाली, 2022 मध्ये मंजुरी मिळाली, 2024 च्या जानेवारीत हरित न्यायाधिकरणाने ती रद्द ठरवली. सुनावणीतल्या त्रुटी हे त्याचे एक कारण होते. त्याच वर्षी पुन्हा मंजुरी मिळाली. 2025 च्या जूनमध्ये मुडागाव परिसरात पोलीस बंदोबस्तात झाडे तोडली गेली. तिथल्या लोकांची हरकत जिच्याविरुद्ध आहे, ती कंपनी आपली आहे, आणि वीज आपल्या घरातली. कोळशाचे दुसरे टोक चंद्रपूरला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचे प्रदूषण मोजले, तेव्हा 83.88 गुणांसह चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. एका टोकाला जमीन जाते, दुसऱ्या टोकाला श्वास. मधल्या तारेवर आपण राहतो.

वीज लागतेच, रोजगारही लागतो, हे कोणी नाकारत नाही. पण ज्याला वीज मिळते त्याच्यावर एक कर्तव्य येते: ज्याची जमीन जाते त्याला नीट विचारले गेले का, हे पाहण्याचे. अग्रवाल यांच्या लढ्याने एवढे तरी दाखवून दिले की विकासाला विरोध आणि फसव्या सुनावणीला विरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या विरोधाला पहिल्याचे नाव देणे, ही सोयीची चूक आहे.

विचारण्याची ती जागाही आपोआप टिकणार नाही. 2020 च्या अधिसूचनेच्या मसुद्यात 30 दिवसांची मुदत 20 वर आणण्याचा प्रस्ताव होता. तो मसुदा सर्व अधिकृत भारतीय भाषांत उपलब्ध करा, हे सांगायला दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. आपल्या हवेविषयीचा कागद आपल्या भाषेत मिळावा, यासाठी कोणालातरी न्यायालयात जावे लागते. मराठीच्या अभिमानाची खरी परीक्षा मला इथे दिसते. तारापूर, डोंबिवली, लोटे किंवा चंद्रपूर इथल्या प्रकल्पाचा संपूर्ण अहवाल आपण मराठीत मागतो का? मिळालेला सारांश वाचतो का?

म्हणून रमेश अग्रवाल यांचा सन्मान करायचा तर मला एकच रीत सुचते. प्रत्येक तालुक्यात एखादे वाचनालय असतेच. जनसुनावणीची नोटीस निघाली की त्या वाचनालयात अहवालाचे जाहीर वाचन व्हावे, पोथीसारखे, रोज थोडे. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी आकडे समजावून द्यावेत, शेतकऱ्याने विहिरींची खरी संख्या सांगावी, कोळ्याने खाडीचे पाणी कधी बदलले ते सांगावे, वकिलाने हरकतीचे पत्र लिहायला मदत करावी. सुनावणीच्या दिवशी एक माणूस नव्हे, सगळे गाव माइकसमोर यावे आणि प्रत्येकाने आपली हरकत तारीख घालून, सही करून द्यावी. मग कोणाच्याही दुकानात शिरून काही संपवता येणार नाही.

शब्दाचा जुना अर्थ तेव्हा पुन्हा जागा होईल. हरकत म्हणजे हालचाल. गप्प बसलेल्या गावाची पहिली हालचाल एका कोऱ्या कागदावर सुरू होते आणि तिचे पहिले वाक्य दोनच शब्दांचे असते: हरकत आहे.