घरांतलें गुपित आणि मैत्रीचा धर्म

लहान मुलांसाठीं लिहिलेल्या शोधकथांकडे आमच्या सुशिक्षित घरांतून दोन दृष्टींनीं पाहिलें जातें. कांहीं पालकांना त्या म्हणजे अभ्यासाच्या वेळेचा अपव्यय वाटतात. कांहींना, मुलगा निदान वाचतो तरी आहे, एवढ्यानें समाधान होतें. ह्या कथांतून एखादा गंभीर नैतिक प्रश्न उभा राहत असेल, अशी शंका फारशी कोणास येत नाहीं. आम्हांसही ती बराच काळ आली नव्हती. परंतु गेल्या सुटींत घरांतील एका दहा वर्षांच्या मुलीनें असेंच एक पुस्तक वाचून संपविलें आणि आम्हांस विचारलें, "मैत्रिणीच्या घरचं गुपित आपल्याला कळलं, तर तें तिला सांगायचं कीं नाहीं?" वर्गांत नीतिशास्त्रावर वर्षानुवर्षें व्याख्यानें देऊनही ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस चटकन देतां आलें नाहीं. तें कां देतां आलें नाहीं, ह्याचा विचार करीत असतां जें सुचलें तें येथें मांडीत आहों.

प्रथम मोठ्यांच्या आणि मुलांच्या शोधकथेंतील भेद लक्षांत घेतला पाहिजे. शेरलॉक होम्स परक्याच्या घरीं जातो, धूळ, राख, पावलांचे ठसे पाहतो, गुन्हेगार दाखवून देतो आणि बेकर स्ट्रीटवरील आपल्या खोलीवर परत येतो. त्या घरांत पुढें काय झालें, हें पाहण्याचें त्याला कारण नसतें. मुलांच्या कथेंतही जोंवर चोर किंवा खजिना शोधावयाचा असतो, तोंवर असेंच चालतें. १९२९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एरिख केस्टनरच्या एमिलच्या गोष्टींत पैसे चोरणारा आगगाडींतला परका इसम आहे. तो सांपडला कीं बर्लिनचीं मुलें आनंदानें आपापल्या घरीं जातात. परंतु रहस्य स्वतःच्याच घरांत असलें, म्हणजे शोध लावणाऱ्याला जाण्यासाठीं दुसरें घर उरत नाहीं. सांपडलेलें सत्य मनांत घेऊन त्याच ताटावर जेवावें लागतें. त्यामुळें येथें शोध लागल्यावर गोष्ट संपत नाहीं. खरी परीक्षा तेथूनच सुरू होते.

ई. नेस्बिट ह्या इंग्रज लेखिकेची आगगाडीजवळ राहणाऱ्या मुलांची गोष्ट १९०६ सालीं पुस्तकरूपानें आली. एके रात्रीं दोन गृहस्थ घरीं येतात आणि मुलांचे वडील त्यांच्याबरोबर निघून जातात. आई मुलांना, वडिलांना कामासाठीं जावें लागलें, एवढेंच सांगते आणि प्रश्न विचारूं नका असें बजावते. लंडनजवळचें सुखवस्तु घर सोडून तीं सर्व खेड्यांत येतात. आई गोष्टी लिहून चरितार्थ चालविते. पुढें थोरली मुलगी रॉबर्टा हिच्या हातीं रद्दीचें एक वर्तमानपत्र येतें व त्यांत वडिलांना झालेल्या शिक्षेची बातमी तिला दिसते. शत्रूला सरकारी गुपितें विकल्याचा खोटा आरोप त्यांच्यावर आलेला असतो. रॉबर्टा हें धाकट्या भावंडांना सांगत नाहीं. ती आईजवळ जाते आणि त्या दिवसापासून आईचा अर्धा भार ती उचलते.

येथें आईनें मुलांशीं प्रतारणा केली काय? आमच्या मतें, पूर्णपणें नाहीं. संकट आलें आहे हें ती लपवीत नाहीं. त्या संकटाचें नांव मात्र लपविते. मौन आणि असत्य ह्यांत जें अंतर आहे, त्या अंतरावर ती कशीबशी उभी आहे. आणि मुलीनें विचारल्याबरोबर ती मौनही सोडते. ह्या लेखिकेच्या स्वतःच्या संसारांत तर ह्याहून मोठें गुपित होतें. पतीला दुसऱ्या स्त्रीपासून झालेलीं दोन मुलें तिनें आपलींच म्हणून वाढविलीं आणि ती स्त्रीही त्याच घरांत राहत होती. बंद दारामागें काय असतें, हें जिला इतकें ठाऊक, तिनें मुलांसाठीं लिहितांना दार उघडणाऱ्या मुलीला शिक्षा केली नाहीं, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

केस्टनरचेंच १९४९ सालचें दुसरें एक पुस्तक ह्या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितें. सुटींतल्या मुलींच्या वसतिगृहांत व्हिएन्नाची लुईस आणि म्युनिकची लोटे ह्या दोघी समोरासमोर येतात. चेहरे हुबेहूब सारखे. पहिल्या दिवशीं लुईसला ह्या साम्याचा संतापच येतो. परंतु रात्रीं लोटे रडूं लागते, तेव्हां तीच तिच्या केसांवरून हात फिरविते. मैत्री अशी आधीं होते, आणि मग जन्मतारीख व जन्मगांव जुळवितां जुळवितां दोघींना कळतें कीं आपण जुळ्या बहिणी आहोंत. आईबापांनीं विभक्त होतांना एकेक मुलगी वांटून घेतली आणि दुसरी आहे हेंच दोघींपासून लपविलें. येथें मौनाचें समर्थन करणें आम्हांस शक्य दिसत नाहीं. रॉबर्टाच्या आईनें दडविलें तें वडिलांवर ओढवलेलें संकट होतें. ह्या आईबापांनीं दडविली ती प्रत्यक्ष मुलींचीच ओळख.

तेव्हां पहिला भेद असा कीं, वडिलांचें कर्ज, आजोबांचा जुना दोष, आत्याचें मोडलेलें लग्न, ह्या गोष्टी मूल समजण्याइतकें होईपर्यंत थांबूं शकतात. परंतु 'मी कोण? माझीं आईबाप कोण? मला भावंड आहे काय?' ह्या प्रश्नांचीं उत्तरें आईबापांच्या मालकीचीं नव्हेत. मुलाची ठेव म्हणून तीं त्यांच्याजवळ असतात. कायद्यानेंही हें हळूं हळूं मान्य केलें आहे. इंग्लंडमध्यें १९७५ च्या कायद्यानें दत्तक गेलेल्या व्यक्तीस अठरा वर्षें पूर्ण झाल्यावर आपला मूळ जन्मदाखला मागण्याचा हक्क मिळाला. भारतांत २०२२ च्या दत्तकविषयक नियमांनींही सज्ञान दत्तक व्यक्तीस आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठीं अर्ज करण्याची वाट ठेविली आहे. त्याबरोबरच जन्मदात्यांच्या गोपनीयतेचीही तेथें जाणीव ठेविली आहे.

कोणी म्हणेल, सत्य उशिरां कां होईना, सांगितलें म्हणजे झालें. ह्या म्हणण्याला महाभारतानें फार पूर्वीं उत्तर देऊन ठेविलें आहे. कर्णाला त्याचा जन्म केव्हां कळला? हस्तिनापुरांतील शिष्टाई फसल्यावर श्रीकृष्णानें त्याला रथांत घेऊन तें सांगितलें. मागाहून गंगेच्या कांठीं कुंतीनेंही सांगितलें. नदींत सोडलेल्या पेटींतल्या बालकाला ज्या दिवशीं त्याची गरज होती, त्या दिवशीं कोणीं सांगितलें नाहीं. रंगभूमीवर कुळ विचारून त्याची मान खालीं घालविली गेली, तेव्हांही कुंती गप्प राहिली. सत्य त्याला मिळालें तें सांगणाऱ्यांच्या गरजेच्या वेळीं. त्यानें तें ऐकून घेतलें, परंतु ज्या मित्रानें कुळ न विचारतां हात दिला त्या दुर्योधनाला सोडलें नाहीं. शिवाय त्यानें कृष्णाला विनविलें कीं हें युधिष्ठिराला कळूं देऊं नये. कळलें तर तो राज्य मला देईल आणि मी तें दुर्योधनाला देईन. युद्धानंतर जलांजलीच्या वेळीं कुंतीनें तोंड उघडलें, आणि आपण थोरल्या भावाचा वध करविला हें युधिष्ठिराला कळलें. जिंकलेलें राज्य त्याला नकोसें झालें. म्हणून दुसरा नियम आम्ही असा मानतों: सत्य सांगण्याची वेळ ऐकणाऱ्याच्या गरजेवरून ठरावी, सांगणाऱ्याच्या सोयीवरून नव्हे.

हें झालें घरच्यांचें. मित्रानें काय करावें? त्या मुलीचा प्रश्न हा होता, आणि आम्ही अडखळलों तेही येथेंच. त्याचें कारण सांगितलें पाहिजे.

आम्ही दहा-अकरा वर्षांचे असतां वाड्यांत आमच्या वरच्या मजल्यावर एक बिऱ्हाड होतें. त्यांतला मुलगा आमचा जिवलग मित्र. त्याचे वडील दुबईला नोकरीस आहेत, असें सर्वांना माहीत होतें. आम्हांस तिकिटें जमविण्याचा नाद. दुबईचें तिकीट दे, म्हणून आम्ही त्याच्या मागें लागत असूं, आणि तो कांहीं ना कांहीं सबब सांगे. त्याच सुमारास फास्टर फेणेच्या गोष्टी वाचून आमच्या अंगांत शोधकाचा संचार झाला होता. एके दुपारीं पोस्टमननें जिन्यांत टाकलेलें त्यांचें पत्र आम्हीं उचलून पाहिलें. तें साधें निळें आंतर्देशीय पत्र होतें. दुबईहून आंतर्देशीय पत्र कसें येईल? शिक्क्यावर जवळच्याच एका गांवाचें नांव होतें. विजयी वीराच्या थाटांत आम्हीं तो शिक्का मित्रापुढें धरला. तो कांहीं बोलला नाहीं. पत्र घेऊन वर निघून गेला. संध्याकाळीं हा शोध आम्हीं घरांत सांगितला, आणि दोन दिवसांत वाड्याला कळलें कीं त्याच्या वडिलांचा दुसरा संसार त्या गांवीं आहे. दिवाळीपूर्वींच तें बिऱ्हाड वाडा सोडून गेलें.

आमचें अनुमान बिनचूक होतें. चुकलें तें पुढचें सर्व. तर्कशास्त्राच्या वर्गांत आम्ही अजूनही तें उदाहरण देत नाहीं.

ह्यावरून मित्राचा धर्म म्हणजे नेहमींच मौन, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. एखाद्या घरांत मुलाला मारहाण होत असेल, कोणी त्याच्या जिवाला किंवा शीलाला अपाय करीत असेल, तर तें गुपित राखणारा मित्र अपराध्याला साह्य करतो. तेथें मुलानें विश्वासाच्या मोठ्या माणसाकडे गेलेंच पाहिजे, आणि हें आपण मुलांना स्पष्ट शब्दांत शिकविलें पाहिजे. परंतु जेथें असा धोका नसून केवळ लाज आणि दुःख आहे, तेथें दुसऱ्याच्या घरचें सत्य आपल्या हातीं आलें म्हणून तें आपलें होत नाहीं. तें कोणापुढें आणावयाचें, केव्हां आणावयाचें, हा त्या घरच्या मुलाचा अधिकार. तो बोलूं लागला तर ऐकावें. न बोलला तर पूर्वींप्रमाणेंच खेळावयास जावें.

त्या मित्राची आणि आमची भेट पुढें पंचवीस वर्षांनीं एका लग्नांत झाली. आम्हीं पूर्वींची गोष्ट काढून क्षमा मागितली. तो हंसला. म्हणाला, "अरे, मला पहिल्यापासून ठाऊक होतं. आईनं मला सगळं सांगितलं होतं. तुला ठाऊक नव्हतं, म्हणून तुमच्याकडे यायला बरं वाटायचं."

म्हणजे ज्या घरीं कांहीं लपविलें होतें असें आम्हीं समजलों, त्या घरांतील आई मुलाशीं खरें बोलली होती. आणि त्या मुलाला जगांत जी एकच जागा त्या दुःखावांचून मोकळी राहिली होती, तीच आम्हीं आपल्या हुशारीनें बंद केली. आमच्या घरांतील त्या मुलीला आम्हीं अखेर हीच हकीकत सांगितली. तिनें ती लक्ष देऊन ऐकली आणि विचारलें, "मग त्यानं तुम्हांला दुबईचं तिकीट दिलं का कधीं?" दिलें नाहीं, असें आम्हीं सांगितलें. तिला तें योग्य वाटलें असावें. कारण तिनें पुढें कांहींच विचारलें नाहीं.