पायरीपासून आरंभ होणारे दर्शन

॥ श्री विठ्ठल-रुक्मिणी प्रसन्न ॥

भाविकहो, श्री क्षेत्र पंढरपुरी भीमा नदी चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून येथे तिला चंद्रभागा म्हणतात. माता-पित्यांच्या सेवेत रमलेल्या भक्त पुंडलिकाने भेटीस आलेल्या देवाकडे वीट सरकवली आणि देव त्या विटेवर उभा राहिला, अशी या क्षेत्राची कथा आहे. म्हणूनच प्रथम चंद्रभागेचे स्नान, मग वाळवंटातील पुंडलिकाचे दर्शन आणि त्यानंतर महाद्वार, असा यात्रेचा क्रम आहे.

महाद्वारी पहिल्या पायरीपाशी थांबावे. हीच श्री संत नामदेव महाराजांची पायरी. संतांची चरणधूळ आपल्या मस्तकी पडावी, म्हणून शके १२७२ मध्ये (इ. स. १३५०) नामदेवरायांनी येथे समाधी घेतली, असे वारकरी परंपरा मानते. त्यामुळे या पायरीवर पाय न देता मस्तक टेकवून आत जाण्याची रीत आहे. जवळच श्री संत चोखामेळा यांची समाधी आहे. शके १२६० मध्ये (इ. स. १३३८) मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून चोखोबांचा अंत झाला. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटत होता, त्या ओळखून नामदेवरायांनी येथे आणल्या, असे सांगतात.

येथे क्षणभर विचार करावा. ज्यांच्या अस्थीही विठ्ठलनाम घेत होत्या, त्या चोखोबांना जिवंतपणी हा उंबरठा ओलांडता आला नाही. तो दोष देवाचा नव्हे, माणसांचा. तो दूर व्हावा म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी त्यांनी ते सोडले. आज आपण ज्या दारातून सहज आत जातो, त्यामागे हे तप आहे.

मंदिरात यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातील प्रसिद्ध ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ आहे. शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३ ते १२७७) या वर्षांत मंदिरास दान देणाऱ्यांची नोंद त्यावर आहे. या शिळेस पाठ घासल्यास चौऱ्यांशी लक्ष योनींचे फेरे चुकतात, अशी श्रद्धा पुढे रूढ झाली. दात्यांचे राज्य गेले, वैभव गेले. भावाने दिलेले मात्र देवापाशी राहिले. दान देताना एवढे स्मरण पुरे.

पुढे गरुडखांबास आलिंगन देऊन गाभाऱ्यात जावे. श्रींच्या चरणांवर प्रत्यक्ष मस्तक ठेवण्याचे पदस्पर्शदर्शन हे या क्षेत्राचे भाग्य होय. ज्यांना फार वेळ उभे राहवत नाही, त्यांनी मुखदर्शन घ्यावे. त्यात उणे काही नाही. देवास तुळस आणि बुक्का प्रिय. त्यानंतर रुक्मिणीमातेचे दर्शन घ्यावे. आषाढी-कार्तिकीस देवाचा पलंग काढतात. शेजारती होत नाही, देव अहोरात्र भक्तांसाठी उभा असतो आणि प्रक्षाळपूजेनंतरच विश्रांती घेतो.

जो देव आपल्यासाठी तिष्ठतो, त्याच्या रांगेत आपण पुढच्यास ढकलू नये. वृद्धांना, लेकुरवाळ्यांना वाट द्यावी. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हा जात वा वय विचारीत नाहीत. पायरीवर टेकलेले मस्तक बाहेर पडल्यावरही नम्र राहिले, तर वारी पोहोचली असे समजावे.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥