आधी फरशी, मग घुमट

मशीद बघायची तर विजापूर गाठावं, मुंबईत नुसती गर्दी, असं घाटकोपर-अंधेरीच्या सोसायट्यांत सहलीचा विषय निघाला की कुणीतरी ठामपणे सांगतं. सांगणाऱ्याची निम्मी खरेदी क्रॉफर्ड मार्केटात झालेली असते. तिथून पाच-दहा मिनिटांवरच्या जामा मशिदीत मात्र त्याचं पाऊल पडलेलं नसतं.

विजापूरच्या थोरवीबद्दल वाद नाही. गोलघुमट सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती मोहम्मद आदिलशहाची कबर. तिथली जामा मशीद त्याहून जुनी, १५६५च्या तालिकोटच्या विजयानंतर पहिल्या अली आदिलशहाने बांधायला घेतलेली. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी चौकोनाचा अष्टकोन करतात आणि घुमट त्यावर बसतो. बघणाऱ्याची मान आपोआप वर जाते.

मुंबईच्या मशिदीत नजर खाली न्यावी लागते. १८०२ साली पूर्ण झालेली ही इमारत एका जुन्या तळ्यावर उभी आहे. पुढे १८७४ साली बांधलेल्या काळ्या दगडाच्या सोळा कमानी पाण्यातून वर येतात आणि सगळा भार त्या पेलतात. नमाजी याच पाण्याने वजू करतात, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुतात, त्यात मासेही आहेत. दिसणारी भव्यता वेगळी, पेलणारी वेगळी. दुसरी बघायला मुलुंडकराला लोकलचं तिकीट पुरतं.

मुलुंडकर उतरतो त्या मस्जिद स्टेशनचं नाव मात्र एका सिनेगॉगवरून पडलं असं मानतात. ते १७९६ साली सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी उभारलं. दिवेकर बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. एकाच गजबजाटात सहा वर्षांच्या अंतराने दोन धर्मांची प्रार्थनाघरं उभी राहिली, याचा मुंबईकराला अभिमान वाटायला हवा.

तरी सोसायटीतल्या त्या टीकाकाराचा एक मुद्दा खोडता येत नाही. दुकानांनी वेढलेली मुंबईची जामा मशीद लांबून नीट दिसतच नाही. पण लांबून दिसणं ही मशिदीची गरज आहे का? विजापूरच्या फरशीवर एकेका नमाजीची जागा चौकटींनी आखलेली आहे, अशा सुमारे २,२५० जागा. एका माणसाला गुडघे टेकायला लागते तेवढी जागा, हे तिथलं खरं माप. मग मुंबईची मशीद विजापूरच्या तोडीची ठरवण्याचा खटाटोपच नको. उलट विजापूरच मुंबईच्या नजरेने बघावं, आणि तिथल्या गाइडनेही सुरुवात फरशीपासून करावी.