एवढ्याशाने काय होते?



प्रेमाने भरवलेल्या घासाने कधी कुणाचे वाईट होईल का? आपण बहुतेक जण 'नाही' असेच म्हणू. आग्रह करून वाढणे ही आपली रीतच आहे. पण सिलिअॅक रोग असलेल्या मुलाच्या बाबतीत हे उत्तर चुकते. म्हणूनच हा प्रश्न फक्त डॉक्टरांचा नसून नीतीचाही आहे.

गहू, सातू यांसारख्या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. या रोगात ते पोटात गेले की शरीर स्वतःच्याच आतड्यांना इजा करते. काहींच्या कातडीवरही त्याचा परिणाम दिसतो. कोपर, गुडघे, पार्श्वभाग येथे बारीक फोडांचे पुरळ उठते आणि खाज व आग सहन होत नाही. लुई ड्युरिंग या अमेरिकन डॉक्टरांनी 1884 साली या पुरळाचे वर्णन केले. ते संसर्गजन्य नाही. त्या मुलाशेजारी आपले मूल खुशाल बसू शकते.

डॅप्सोन या गोळीने खाज काही दिवसांत कमी होते. ही गोळी कुष्ठरोगावरही देतात, म्हणून शेजारपाजाऱ्यांनी भलता अर्थ काढू नये. ती रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. गोळीने आतडी मात्र बरी होत नाहीत. खरा उपाय ग्लुटेन कायमचे सोडणे हाच आहे, आणि तरीही पुरळ ओसरायला महिने, कधी दोन वर्षेही लागतात. तपासणीआधीच गहू बंद करू नये, कारण मग निदान चुकू शकते.

आपल्याकडे हे पथ्य अशक्य नाही. तांदूळ, नाचणी, ज्वारी, बाजरी यांत ग्लुटेन नसते. तांदळाची भाकरी, पोळे, घावन, साबुदाण्याची खिचडी हे सारे चालते. धोका असतो तो लपलेल्या गव्हाचा. अनेक घरांच्या बाटली मसाल्यात भाजलेला गहू असतो. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. गिरणीत गव्हामागोमाग दळलेल्या ज्वारीत गहू उतरतो. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे 'ग्लुटेनमुक्त' पदार्थात किलोमागे फार तर 20 मिलिग्रॅम ग्लुटेन चालते. 'एवढ्याशाने काय होते?' असे विचारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तरीही वाढदिवसाला कुणी मावशी केकचा तुकडा पुढे करतेच. तिचा हेतू निर्मळ असतो. पण संत थॉमस अक्विनास यांची शिकवण अशी की, कृती चांगली ठरायला नुसता हेतू पुरत नाही, कृती आणि तिची परिस्थितीही योग्य हवी. मुलाची आई 'नको' म्हणते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवणे हीच तेथे प्रीतीची कृती आहे.

हाच प्रश्न वेदीपर्यंत येतो. ओस्ती गव्हाचीच असावी असा चर्चचा नियम आहे. मग 'प्रभूचे शरीर आहे, श्रद्धेने घ्या, काही होणार नाही' असे म्हणावे का? मुळीच नाही. आपल्या श्रद्धेनुसार ओस्तीचे सत्त्व बदलते, पण गव्हाचे बाह्य गुण तसेच राहतात. मुलाच्या शरीराला ते बाधतात, आणि तो श्रद्धेचा उणेपणा नव्हे. ग्लुटेन पूर्णपणे काढलेली ओस्ती ग्राह्य नाही, पण अत्यल्प ग्लुटेनची ग्राह्य आहे, असे रोमने 2003 साली स्पष्ट केले व 2017 साली पुन्हा कळवले. तीही सोसत नसेल तर फक्त प्याल्यातून कम्युनियन घेता येते. त्यात काहीच उणे नाही, कारण प्रत्येक रूपात ख्रिस्त संपूर्ण असतो. प्याला मात्र वेगळा हवा, कारण मिस्सात धर्मगुरू आपल्या प्याल्यात ओस्तीचा तुकडा टाकतात.

सर्वांना सारखेच देणे म्हणजे न्याय, असे आपल्याला वाटते. पण एकाच ताटातले अन्न एकाला पोसते आणि दुसऱ्याला आजारी पाडते. अशा वेळी थोडी तोशीस अनेकांनी सोसावी, त्या एका लेकरावर ती टाकू नये. फेस्ताच्या जेवणाला त्याला कोपऱ्यात वेगळे ताट देण्यापेक्षा सगळ्या पंगतीलाच तांदळाची भाकरी आणि गव्हाविना मसाल्याचे कालवण का असू नये?

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी संकोच न करता मला येऊन भेटावे. पहिल्या कम्युनियनची वाट पाहू नये. आवश्यक ती परवानगी आणि वेगळ्या प्याल्याची व्यवस्था आपण मिळून करू.

आपला,
प्रमुख धर्मगुरू