काही झालं नाही, तरीही हिंसा

कुणी दगावलं नाही, कुणाला साधं खरचटलंही नाही, तरी हिंसा घडलेली असू शकते का? आमच्या जैन परंपरेचं उत्तर आहे, हो, असू शकते. आचार्य कुंदकुंदांनी ‘प्रवचनसार’ या ग्रंथात हा विचार अगदी टोकापर्यंत नेला आहे. बेसावधपणे वागणाऱ्याच्या बाबतीत समोरचा जीव वाचला की गेला, हे ते बघतच नाहीत. त्याचा बेसावधपणा हीच हिंसा. उलट, जो पाहून, जपून पाऊल टाकतो, त्याच्या पायाखाली नकळत एखादा जीव सापडला, तरी केवळ तेवढ्याने त्याला दोष लागत नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर आहे. वापरलेल्या सुया कुठे पडतात, ओली फरशी किती वेळ ओली राहते, पेशंटच्या खाटेचं रेलिंग वर आहे की खाली, हे बघणं माझं रोजचं काम. मला वाटतं, धोका ओळखण्याच्या या कामाचं इतकं नेमकं तत्त्वज्ञान दुसरीकडे क्वचितच सापडेल.

एका रात्रपाळीची गोष्ट सांगते. नव्याने लागलेली एक सिस्टर अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला डिस्टिल्ड वॉटर घेत होती. ट्रॉलीच्या त्याच कप्प्यात पोटॅशियम क्लोराईडही होतं. दोन्ही दहा मिलीच्या, प्लॅस्टिकच्या, पाण्यासारख्या पारदर्शक अँप्यूल. फरक काय तो बारीक छापलेल्या नावाचा. तोंड मोडायच्या आधी तिने सवयीने नाव मोठ्याने वाचलं आणि हात जागीच थांबला. पोटॅशियम पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. सकाळी वॉर्डात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, ‘सुटलो बाई, काही झालं नाही.’

झालं होतं. त्या दोन अँप्यूल ज्या दिवशी एका कप्प्यात ठेवल्या गेल्या, त्याच दिवशी झालं होतं. त्यानंतरच्या प्रत्येक रात्री त्या वॉर्डातल्या पेशंटचे प्राण कुणाच्या तरी पेंगुळलेल्या नजरेवर टांगलेले होते. आम्ही याला ‘नियर मिस’ म्हणतो आणि बहुतेक ठिकाणी त्याची नोंदही होत नाही. कुंदकुंदांच्या हिशेबात मात्र तो पूर्ण गुन्हा आहे, फक्त त्याचं फळ अजून दिसलेलं नाही. ती घटना आम्ही फॉर्मवर लिहून काढली, म्हणून पोटॅशियम वॉर्डातून कायमचं हललं. आता ते आयसीयूत कुलपाच्या कपाटात असतं. धोका टाळण्याच्या उपायांत धोकाच उचलून बाजूला करणं सगळ्यात वरचं. ते जमत नसेल तर मध्ये आडोसा घालणं, मग नियम आणि सूचना, आणि ग्लोव्हज-मास्क सगळ्यात शेवटी. आमच्याकडे बरेचदा सुरुवातच शेवटापासून होते.

मुनींच्या आचारात पाच समिती, म्हणजे जपून वागण्याच्या पाच रीती, सांगितल्या आहेत. पुढची चार हात जमीन बघत चालणं, जपून बोलणं, आहार तपासून घेणं, वस्तू उचलताना-ठेवताना ती जागा पाहणं, आणि शरीरातला मळ जीवजंतू नसलेल्या जागी टाकणं. घरी आजीकडून हे ऐकलं तेव्हा ते फक्त साधूंसाठी आहे असं वाटायचं. आज वॉर्डात फिरताना पाचही समोर दिसतात. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेला डोस परत म्हणून दाखवणं ही भाषा समिती. वापरलेल्या सुईला टोपण न लावता ती कटरने कापून तिथल्या तिथे पांढऱ्या डब्यात टाकणं, ही चौथी. आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांतल्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या वर्गवारीत मला पाचवी दिसते. कारण सुई साध्या कचऱ्याच्या पिशवीत गेली, तर टाकणाऱ्याला काहीच होत नाही. ती टोचते पिशवी उचलणाऱ्या मावशींना. पेशंटला हिपॅटायटिस बी असेल आणि मावशींनी लस घेतलेली नसेल, तर एका टोचण्यातून लागण व्हायची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ‘माझ्या मनात तसं नव्हतं’ हे वाक्य त्या मावशींच्या काय उपयोगाचं?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे नशीब. 9 जानेवारी 2021 ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. त्याच वर्षी 21 एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि किमान 22 रुग्ण दगावले. अशा वेळी ‘ज्याचं त्याचं कर्म’ असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, आमच्या समाजातही. मला ही धर्माची विटंबना वाटते. कर्मसिद्धान्त मी स्वतःला लावायचा असतो: या घडीला माझे हात काय करताहेत, कोणता कर्मबंध बांधताहेत? चार दिवसांच्या बाळाच्या पूर्वजन्मावर बोट ठेवून आपल्या वायरिंगची जबाबदारी झटकायला तो सांगितलेला नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. बेसावधपणाचे जे पंधरा प्रकार शास्त्रात मोजले आहेत, त्यांत झोपही आहे. मग सलग दुसरी पाळी करणाऱ्या सिस्टरचा पहाटे चारला डोळा लागला, तर ती दोषी? इथे तीच परंपरा आणखी एक माप हातात देते. दोष करणाऱ्याचा असतो, करवून घेणाऱ्याचा असतो आणि मूक संमती देणाऱ्याचाही असतो. माणसं कमी ठेवून ड्युटीचा तक्ता लावणारे दुसऱ्या रांगेत बसतात. तो तक्ता रोज बघून गप्प राहणारे आपण सगळे तिसऱ्या. चौकशी मात्र नेहमी पहिल्या रांगेतच संपते, शो-कॉज नोटीस सिस्टरच्या हातात पडते आणि फाइल बंद होते. परिणाम असा की पुढच्या वेळी सुई टोचली तरी मावशी पदराआड बोट दाबून धरतात आणि सांगत नाहीत. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं. ते तास भीतीपोटी निघून जातात.

म्हणून कुंदकुंदांच्या विचाराची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ज्याने जपून काम केलं, त्याच्या हातून अपघात झाला तरी तो पापी ठरत नाही. त्याला आधार द्यायचा, त्याच्याकडून काय घडलं ते समजून घ्यायचं. गृहस्थाच्या उद्योगात थोडी हिंसा अटळ आहे हे शास्त्र मान्य करतं, तसंच रुग्णालयातला धोका कधी शून्यावर येणार नाही. पण अटळ किती आणि आळसाचं किती, हे रोज तपासण्यातून सुटका नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुम्ही रुग्णालयात असा, कारखान्यात असा, वृद्धाश्रमात असा किंवा घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करत असा, ‘काही झालं नाही ना’ यावर विषय मिटवू नका. काय होऊ शकलं असतं ते लिहून ठेवा, वरच्यांना दाखवा, आणि जो स्वतःहून सांगायला येईल त्याला शिक्षा करू नका. अहिंसा पाळणाऱ्याने अपघाताची वाट बघायची नसते.