‘आज’ कोणत्या क्रियापदाचा?

लूकच्या शुभवर्तमानातील तेविसाव्या अध्यायाच्या ४३ व्या वचनात येशू शेजारच्या क्रुसावरील पश्चात्तापी गुन्हेगाराला सुखलोकाचे आश्वासन देतो, आणि मरणानंतर आत्म्याचे तात्काळ काय होते हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील जुना वाद या वचनाच्या इंग्रजी अनुवादात एका स्वल्पविरामावर येऊन ठेपतो. वचनात क्रियापदे दोन आहेत, एक सांगण्याचे आणि दुसरे सोबत असण्याचे. ‘आज’ हे क्रियाविशेषण त्या दोहोंच्या मध्ये पडले आहे. स्वल्पविराम ‘आज’च्या आधी दिला तर गुन्हेगार त्याच दिवशी सुखलोकात पोहोचतो, नंतर दिला तर त्या दिवशी केवळ आश्वासन मिळते आणि ते केव्हा फळाला येईल हे अनिश्चित राहते. १६११ च्या किंग जेम्स बायबलने आणि नंतरच्या बहुतेक इंग्रजी अनुवादांनी पहिला मार्ग स्वीकारला, तर यहोवाच्या साक्षीदारांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नव्या कराराच्या अनुवादाने दुसरा. मृत मनुष्य पुनरुत्थानापर्यंत जाणीवरहित असतो असे हा पंथ मानतो, त्यामुळे चिन्ह पुढे सरकण्याचे कारण समजते. मात्र आत्मा देह सोडताच परलोकी जातो असे मानणाऱ्यांचा स्वल्पविराम तरी निःपक्षपाती आहे, असे समजण्याचे कारण नाही.

मागच्या व पुढच्या अशा दोन्ही पदांशी जोडता येणाऱ्या शब्दाला इंग्रजी व्याकरणकार तिरळा म्हणतात. संस्कृत टीकाकारांकडे यासाठी दोन न्याय, म्हणजे दृष्टान्तरूप नियम आहेत. उंबरठ्यावरील दिवा घरात व अंगणात एकाच वेळी उजेड पाडतो, तो देहलीदीपन्याय. कावळ्याचे एकच बुबुळ गरजेप्रमाणे या किंवा त्या खोबणीत फिरते अशी जी समजूत आहे, तिच्यावरून आला तो काकाक्षिगोलकन्याय. प्रस्तुत वचनाला दुसराच लागू पडतो, कारण येथे ‘आज’ एकाच क्रियापदाकडे पाहू शकतो. इंग्रजीत क्रियाविशेषण क्रियापदानंतर सहज येत असल्याने हा शब्द ‘सांगतो’चे शेपूटही ठरू शकतो आणि पुढील वाक्याचे तोंडही.

निर्णय मूळ पाठावर सोपवावा, तर तेथे चिन्हच नाही. चौथ्या शतकातील कोडेक्स सिनायटिकससारख्या हस्तलिखितांत ग्रीक अक्षरे शब्दांमध्येही जागा न सोडता सलग लिहिलेली आहेत. मोडी कागद पाहिलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. आजच्या वळणाचा स्वल्पविराम पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमधील आल्डस मनुटियसच्या छापखान्यातून रूढ झाला. म्हणजे इंग्रजी बायबलातील हे चिन्ह लूकने दिलेले नसून अनुवादकाचे भाष्य आहे, फक्त ते भाष्यासारखे दिसत नाही.

मग पुरावा लेखकाच्या सवयीत शोधावा लागतो. ‘आज’ सांगण्याशी जोडणाऱ्यांचा आधार दुबळा नाही: जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात मोशे लोकांना बजावताना ‘आज’ हा शब्द आज्ञा देण्याच्या किंवा जाहीर करण्याच्या क्रियापदाशी वारंवार जोडतो, आणि ते हिब्रू वळण ग्रीक भाषांतरातूनही दिसते. परंतु लूकचा स्वतःचा कल वेगळा आहे. ‘आमेन’ने सुरू होणारे खात्रीचे सूत्र त्याच्या ग्रंथात सहा वेळा येते आणि अन्य पाच ठिकाणी त्याला काळवाचक शब्द चिकटलेला नाही. बाविसाव्या अध्यायात पेत्राला इशारा देताना सांगण्याच्या क्रियापदानंतर ‘आज’ येतो, पण तो कोंबडा आरवण्याच्या वेळेविषयी असतो. जक्कयाच्या घरी तारण ‘आज’ आले असेही लूकच सांगतो. त्याच्या लेखी ‘आज’ हा तारण प्रत्यक्ष घडण्याचा दिवस आहे, म्हणून स्वल्पविराम आधीच हवा. मात्र तेवढ्यावरून आत्म्याच्या स्थितीचा संपूर्ण सिद्धान्त उभारणे हे एका शब्दावर फार ओझे टाकणे होय.

मराठीत विरामचिन्हे इंग्रजीच्या संपर्कातून आली आणि ती रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर कँडी यांना दिले जाते. तरीही या वचनात मराठी अनुवादकाला स्वल्पविरामाचा फारसा उपयोग नाही. मराठीत क्रियाविशेषण सहसा क्रियापदाच्या आधी येत असल्याने त्याला ‘आज’ हा ‘सांगतो’च्या अलीकडे ठेवायचा की पलीकडे, हे शब्द लिहितानाच ठरवावे लागते.