अडलेलीची संमती

गोळ्यांनी गर्भपात झाल्यावर रक्तस्राव कधीकधी दोन-दोन आठवडे चालतो. स्त्रीबीज मात्र त्यासाठी थांबत नाही. आठव्या-दहाव्या दिवशीही ते सुटू शकते, म्हणजे पाळी येण्याआधीच पुन्हा दिवस राहू शकतात. हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे, याविषयी वाद नाही. वाद सांगण्याच्या पुढचा आहे.

माहिती देणारा आणि गर्भपाताच्या गोळ्या देणारा डॉक्टर एकच असतो, आणि समोरची स्त्री अडलेली असते. 'मग तांबी बसवून घ्या' या वाक्यात सल्ला कुठे संपतो नि अट कुठे सुरू होते? तिने मान हलवली, तर त्याला संमती म्हणायचे का? १९७१चा कायदा सज्ञान स्त्रीकडे गर्भपातासाठी तिची स्वतःची संमती मागतो. गर्भनिरोधनाची अट त्यात नाही.

ती परत आलीच नाही तर, ही डॉक्टरची भीती खोटी नाही. रोज बुडवून दोनदा दवाखाना कुणाला परवडतो? पण तांबी तर गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री पटल्यावरच बसवतात. तिचा होकार पहिल्या दिवशीच वदवून घेण्याचे वैद्यकीय कारण नाही. गर्भनिरोधक गोळ्या त्याच दिवशी सुरू करता येतात, निरोधही देता येतो. (तो वापरणारा बहुधा बाहेर बाकावर बसलेला असतो, त्याला आत कुणी बोलावत नाही.) पाकिटे तिच्या पिशवीत घालावीत, दिवस मोजून सांगावेत. ती 'नको' म्हणाली, तरी गर्भपाताच्या गोळ्या तिला तेवढ्याच तत्परतेने मिळाव्यात.